कॉम्प्युटर माझ्या बाजूनं

दोनदा काय पडले, लेकीनं मला नजरकैदेतच टाकलं. एकटीनं लिफ्टनं खाली उतरायचं नाही, मेट्रोत बसायचं नाही, आणि दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या बाजाराचं तर नावही काढायचं नाही. अहो, तो बाजार म्हणजे माझा जीव! गर्दीत शिरायचं, मोडक्यातोडक्या हिंदीत घासाघीस करायची आणि पिशवी भरून घरी यायचं. गुरुग्रामच्या या उंच टॉवरमध्ये बसून मी दिवसभर करायचं काय? पण "आई, ऑफिसात तुझा फोन आला की वाटतं, पुन्हा पडलीस गं," असं ती म्हणाली की मला रागही यायचा आणि तिची कीवही यायची.

शेवटी ती मला डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरीणबाई दिल्लीच्याच, तरुण आणि बोलक्या. समोरच्या कॉम्प्युटरवरचे प्रश्न त्या मला विचारत होत्या. किती वेळा पडलात, कुठल्या गोळ्या घेता, उभं राहताना चक्कर येते का. सगळी उत्तरं टाकली आणि स्क्रीनवर लाल पट्टी उमटली. पडण्याचा धोका जास्त.

"बघ! मशीनपण तेच सांगतंय," लेक म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. "आता हे डबडं ठरवणार का मी बाहेर जायचं की नाही?"

मी मराठीत बोलले, पण सूर बाईंना कळला असावा. त्या हसल्या. "आंटीजी, ये लाल आपके लिए नहीं, मेरे लिए है." पेशंटला कोंडून ठेवा असं ते सांगत नाही म्हणे, कारण शोधा, असं डॉक्टरला बजावतं. काय काय तपासायचं तेही खाली दाखवत होतं. त्याप्रमाणे त्यांनी आधी मला आडवं करून आणि मग उभं करून ब्लडप्रेशर घेतलं. उभी राहिले तर ते चांगलंच खाली आलं. माझ्या एका गोळीपुढेही कॉम्प्युटरनं खूण केली होती. ती गोळी लघवीवाटे अंगातलं पाणी काढते.

"गिरीं, तब क्या कर रही थीं?"

"चाँद देख रही थी," मी म्हणाले.

लेकीनं कपाळाला हात लावला. पण यात खोटं काय? दोन्ही वेळा संकष्टी होती. माझी संकष्टी कडक, चंद्र डोळ्यांनी दिसल्याशिवाय पाण्याचा थेंबही नाही. फोनमधली चंद्रोदयाची वेळ मी मानत नाही. इथं एक तर धुरकं, त्यात समोरचा टॉवर. चंद्र दिसेपर्यंत बाल्कनीत माझी ऊठबस चालूच. दोन्ही वेळा खुर्चीतून उठले आणि धाडकन खाली! चतुर्थीचा आणि पडण्याचा काही संबंध असेल, हे आमच्या दोघींच्या ध्यानीमनीही नव्हतं.

बाई स्वतः करवा चौथ करतात. उपाशीपोटी चंद्राची वाट बघणं म्हणजे काय, हे त्यांना कॉम्प्युटरनं सांगायची गरज नव्हती. "दिनभर पानी नहीं, ऊपर से ये गोली! गिरेंगी नहीं तो क्या!" गोळी त्यांनी बदलली. उपास करा, पण पाणी प्या, म्हणाल्या. मी जरा कुरकुरले. मग म्हटलं, ठीक आहे, बाप्पाला मी समजावते.

मग लेकीकडे वळून त्यांनी पुढची सूचना वाचली. पायांतली ताकद टिकवायला व्यायाम आणि रोज चालणं. "घर में बिठाके रखेंगी तो और गिरेंगी."

अहाहा! ज्या कॉम्प्युटरला मी शिव्या घातल्या, तोच माझी बाजू घेऊन उभा राहिला. लेकीचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मला खुदकन हसूच फुटलं.

पुढे रोज संध्याकाळी आम्ही दोघी हात न टेकता खुर्चीतून उठायचो आणि कोण आधी दमतं यावरून भांडायचो. पुढच्या तपासणीत ब्लडप्रेशर जागेवर होतं. बाईंनी एकटीनं बाहेर जायची परवानगी दिली. दुसऱ्या दिवशी ऑफिसला निघताना लेकीनं माझं मेट्रो कार्ड टेबलावर काढून ठेवलं.

मी लगेच निघाले. बाजारात एका दुकानदाराशी हुज्जत अगदी रंगात आली असताना फोन वाजला. लेकीचाच. म्हटलं, झालं, आलं बोलावणं!

"आई, कुठं आहेस?"

"बाजारात."

"मग माझ्यासाठी एक निळा कुर्ता बघ ना. आणि घाई करू नकोस, सावकाश ये."

"घाई कोण करतंय!" मी म्हटलं.