अंगणातलं कोरडं बोअर

खालच्या वस्तीच्या हापशाचं पाणी मी खराब केलं. चूक अजाणतेपणी झाली असं म्हणायचीही सोय नाही, कारण पाणी खराब कशानं होतं हे लोकांना सांगण्याचाच मला पगार होता.

लातूर जिल्हा नवा होता, मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नवा होतो. विहिरीपासून उकिरडा किती लांब हवा, संडासाचा खड्डा किती लांब हवा, हे मी गावोगाव सांगत फिरे.

दुष्काळात मी घराच्या अंगणात बोअर पाडलं. नुसता फुफाटा निघाला. कॉलनीत गटारं नव्हती, संडासाची टाकी भरली की रस्त्यावर वाहायची. एका रविवारी टाकीचा पाईप मी त्या कोरड्या बोअरमध्ये सोडला. घाण क्षणात दिसेनाशी झाली. मी शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं. दोघांनी आपापल्या कोरड्या बोअरमध्ये तसंच केलं आणि वर मला चहा पाजला.

दोनेक महिन्यांनी कॉलनीच्या उताराखालच्या बौद्ध वस्तीतली एक म्हातारी तांब्या घेऊन कचेरीत आली. विहिरी आटलेल्या, सगळी वस्ती त्या एका हापशावर होती.

"साहेब, वास घ्या."

घेतला. वास ओळखीचा होता. तरी तोंड सवयीनं बोललं, "मावशी, हापशापाशी गुरं धूत असाल."

"गुरं? हितं माणसंच बिनआंघोळीची फिरायलीत, साहेब!"

कचेरी हसली. मीही हसलो. दुसऱ्या दिवशी वस्तीत जाऊन मी स्वच्छतेवर भाषण केलं आणि 'हापशाजवळ घाण करू नये' अशी पाटी ठोकली. खिळे त्यांच्याच घरचे होते.

आठवड्यात म्हातारीची बाळंतीण सून जुलाबानं दवाखान्यात गेली. त्या संध्याकाळी मी पाईप उपटला, बोअर सिमेंटनं बुजवलं. शेजाऱ्यांनाही सांगितलं. "अहो, तुम्हीच तर शिकवलंत," म्हणत त्यांनी कुरकुरत आपापली बुजवली. पाणी तपासून आलं, पिण्यालायक नाही म्हणून हापशाला लाल रंग लागला. मी धावपळ करून वस्तीला टँकर मिळवून दिला. अहवालात पाणी नासल्याचं कारण लिहिलं, 'नैसर्गिक'.

त्या टँकरबद्दल वस्तीनं माझा सत्कार केला. टॉवेल, टोपी, नारळ. दवाखान्यातून परतलेली सून बाळाला घेऊन पुढंच बसली होती. साहेबांमुळं पाणी मिळालं, असं तिघं बोलले. मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

सत्कार आटोपून कॉलनीच्या कोपऱ्यापर्यंत गेलो आणि परत वस्तीकडे फिरलो. म्हातारी दारात ज्वारी निवडत होती.

"काय साहेब, नारळ नासका निघाला काय?"

"मावशी, घाण तुमची नव्हती. माझ्या संडासाची होती. मीच ती जमिनीत सोडली. तुमची सून त्यानंच आजारी पडली, आणि पाटी मी तुमच्या दारात ठोकली. माझं चुकलं. मला माफ करा."