पार्किंगमधली पिल्लं

नाहूरच्या आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये एका मांजरीने चार पिल्लं घातली होती. त्यांना दोन वेळा खायला मीच घालायचे. एका सकाळी त्यातली दोन मरून पडलेली दिसली. आदल्या दिवशी चांगली उड्या मारत होती. माझ्या डोक्यात एकच शब्द आला, विष.

संशय कुणावर, तेही ठरलेलंच होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांच्या स्कूटरची सीट मांजरीने फाडली होती, तेव्हापासून ते तिच्यावर खार खाऊन होते. आणि दोनच दिवसांपूर्वी भिंतीकडेला पांढरी पावडर टाकताना मी त्यांना पाहिलं होतं.

"काका, हे काय टाकताय?"

"मुंग्यांची पावडर गो. तुका कित्याक व्हयी?"

मी त्या पावडरीचा फोटो काढून ठेवला होता. तो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'पिल्लं कशाने मेली ते कळलं.' नाव लिहिलं नाही, पण स्कूटर फोटोत दिसतच होती. तासाभरात सगळे काकांवर तुटून पडले.

दुपारी तिसरं पिल्लू उलट्या करायला लागलं. टॉवेलमध्ये गुंडाळून मी ते डॉक्टरांकडे नेलं. "विष घातलंय, लिहून द्या," मी जाताच म्हणाले. त्यांनी आधी शीची टेस्ट केली.

"विष नाही. व्हायरस आहे. मांजरांमधला जुना. यातच थोडा बदल होऊन कुत्र्यांचा पार्वो व्हायरस तयार झाला म्हणतात. माणसांना होत नाही, पण तुमच्या चपलांना, कपड्यांना चिकटून फिरतो. गेल्या आठवड्यात दुसऱ्या एखाद्या आजारी मांजराला हात लावलात का?"

लावला होता. वर्सोव्याला मावशीकडे गेले होते, तेव्हा सुकत घातलेल्या मासळीजवळ एक पिल्लू मलूल पडलेलं. त्याला मांडीवर घेऊन बसले होते. घरी परतल्यावर त्याच कपड्यांत पार्किंगमधल्या पिल्लांना दूधभात घातला.

तिसरं पिल्लू संध्याकाळी गेलं.

मी ग्रुपवरचा फोटो काढून टाकला, माफी लिहिली, रिपोर्ट टाकला आणि काकांच्या दाराशी गेले. त्यांनी जाळीचं दार उघडलंच नाही. आतूनच सगळं ऐकून घेतलं.

"माझ्या नातवाक काय होवचा नाय मा?"

"नाही काका. माणसांना होत नाही."

"तू सांगतंस म्हणान?" ते म्हणाले आणि आतलं दारही लावून घेतलं.

चौथं पिल्लू वाचलं. काही दिवस बरे गेल्यावर त्याला आणि मांजरीला लस दिली, पार्किंग ब्लीचने धुऊन काढलं. धुताना काका वरून गॅलरीतून बघत होते. मी मान वर केली की आत जायचे.

महिन्याभराने चौथ्या मजल्यावरची बाई लिफ्टमध्ये भेटली. लिफ्टमध्ये आम्ही दोघीच होतो, तरी तिने आवाज खाली आणला.

"तू दबावाखाली माफी मागितलीस ना गं? रिपोर्ट काय, कसलाही आणता येतो. त्यानेच मारलीत पिल्लं."

"नाही हो, माझ्यामुळेच मेली ती," मी म्हणाले.

ती हसली. माझा मजला आला तेव्हा तिने माझा हात दाबला. मी सांगितलेल्या एकाही शब्दावर तिचा विश्वास बसला नव्हता.