न घेतलेल्या डिझेल गाड्या

घेतलेल्या गाडीची गोष्ट पेढे वाटले की संपते. न घेतलेल्या गाड्यांच्या गोष्टी मात्र साठतच जातात, आणि आमच्या मंचरच्या कंपूकडे त्यांची वखार भरली आहे!

डिझेल पेट्रोलपेक्षा बरंच स्वस्त होतं तेव्हाचं हे. हायवेला शोरूम झाल्या होत्या. कांद्याचा व्यापारी विलास, ट्रान्सपोर्टवाले रफिकभाई, टोमॅटो पिकवणारा संजू आणि शाळामास्तर मी, असे चौघं रविवारी 'प्रीमियम कॉम्पॅक्ट' डिझेल सेडान चालवून बघायला निघायचो. घ्यायची होती विलासला. निदान तो तसं म्हणायचा. संजू कधी स्टिअरिंगला बसायचा नाही, मागं मध्ये बसायचा. इंग्रजी येतं म्हणून बोलणी माझ्याकडे, त्यामुळे लाजही माझ्याच वाट्याला.

*

पहिल्याच गाडीत बसताना विलासनं चपला खाली काढल्या. नव्या गाडीला पाय कसे लावायचे? पेठ गावापर्यंत जाऊन आलो, तर चपला गायब!

शोरूमच्या दारात अनवाणी उभा राहून तो ओरडला, "टेस्ट ड्राइव्ह फुकट म्हंता, अन् गिऱ्हाइकाच्या चपला घालवता व्हय?"

रस्त्यावरची माणसं थांबली. मी शेजारच्या गाडीचे टायर निरखत बसलो.

*

सेल्समन कदम, चाळिशीतले टायवाले गृहस्थ, मोठ्या उत्साहानं डिकी किती लिटरची ते सांगायला लागले.

"लिटर ऱ्हाऊ द्या," विलास म्हणाला. "दूध घालायचंय का तिच्यात? कांद्याच्या गोण्या किती बसत्यात?"

आणि गाडी थेट मार्केट यार्डात! दोन गोण्या बसल्या. तिसरीनं डिकीचं झाकण लागेना, म्हणून ती रफिकभाईंच्या मांडीवर.

पुढच्या रविवारी तुलना करायला दुसऱ्या कंपनीच्या शोरूमला गेलो. तिथला मॅनेजर दारातच म्हणाला, "या, या. पण कांदा नाही हं!"

*

रफिकभाईंची परीक्षा वेगळी. मागच्या सीटवर डोळे मिटून पडायचे. झोप लागली तर गाडी पास. एका गाडीत पेठच्या घाटात असे घोरायला लागले की मी कदमांची माफी मागायला तोंड उघडलं.

विलासनं मला कोपरानं ढोसलं. "मास्तर, गप ऱ्हा. मागच्या गाडीत ह्यांचं घोरणं ऐकू तरी आलं व्हतं का? ह्या गाडीचं इंजिन लई शांत हाय राव!"

*

त्याच गाडीच्या पुढच्या कप्प्यात एकदा सुपारी आणि कुंकवाची पुडी सापडली. मी विचारलं, "पूजा केली की काय टेस्ट ड्राइव्हच्या गाडीची?"

"गिऱ्हाईक विसरतात, सर," म्हणत कदमांनी पुडी खिशात टाकली.

*

शेवटचा किस्सा संजूचा. सांगताना अजून कान गरम होतात.

बोरी बुद्रुकची एक मुलगी संजूला एका लग्नात आवडली होती. आधी पोरांनी बघून यावं, थोरली माणसं मग, असं ठरलं. शेती करतो म्हणून त्याला दोन ठिकाणी नकार आलेला. "हितं बी न्हाई म्हणले, तर मी पुन्यांदा बघायला जायचा न्हाई," तो म्हणाला.

"मग गाडी घिऊन जायचं," विलास म्हणाला. "दारात उभी कशी दिसती, ती टेस्ट नको व्हय?"

कदमांशिवाय गाडी मिळत नव्हती. त्यांनी टाय काढला आणि वाटेत ते संजूचे मावसभाऊ झाले. फारच सहज झाले, हे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

मागच्या काचेवरची 'टेस्ट ड्राइव्ह' अक्षरं वरून टॉवेल टाकून झाकली आणि गाडी मागच्या बाजूनं गोठ्याच्या भिंतीला टेकवली. पोहे आले. मुलीचे वडील एकटक कदमांकडे बघत होते.

"पावणं, तुमी मागच्या रविवारी मामा व्हता न्हवं?"

कदमांचा चमचा थांबला.

"घोडेगावचं स्थळ आलतं," वडील आम्हाला म्हणाले. "गाडी हीच. तवा ह्ये त्या पोराचे मामा व्हते. आज मावसभाऊ झाल्यात!"

विलास पोह्यातले शेंगदाणे वेचायला लागला. संजूची मान छातीला टेकली होती. चपला, कांदा, घोरणं, सगळं मी पचवलं होतं, पण त्या दिवशी खरोखर मेल्याहून मेल्यासारखं झालं. आमच्या हौसेपायी चांगल्या पोराचं जुळत आलेलं मोडलं होतं. उठावं कसं, तेही सुचेना.

तेवढ्यात चहाचा ट्रे धरून उभी असलेली मुलगी संजूला म्हणाली, "गाडीचं ऱ्हाऊ द्या. तुमाला सोताला काय चालवता येतं?"

संजू मान खाली घालूनच पुटपुटला, "ट्रॅक्टर."

"मग पुढच्या खेपेला त्योच घिऊन या," तिनं कप त्याच्यापुढं धरला. "त्याच्यावर मामाला बसायला जागा नसती!"