कोणकुठे बाईंचं मुख्य पात्र

आमच्या शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या बाईंचं नाव मुलांनी ‘कोणकुठे बाई’ असं ठेवलं होतं, आणि ते अगदी चपखल होतं. नववीला इंग्रजी गोष्ट शिकवायची म्हटली की त्या पुस्तक मिटून ठेवत आणि फळ्यावर पाच प्रश्न लिहीत. कोण? कुठे? कधी? त्याला काय हवंय? आणि आड काय येतंय? पात्र, स्थळ, काळ, संघर्ष असले जड शब्द परीक्षा तोंडावर आल्याशिवाय त्यांच्या तोंडून निघत नसत. “एवढं सापडलं की गोष्ट सापडली. बाकी सगळा मसाला,” असं त्यांचं म्हणणं.

मी गणिताची. मला ही सगळी बोलाचीच कढी वाटायची. पण बाई शिक्षकांच्या खोलीतही तेच करत. एकदा शिपाई मुख्याध्यापकांवर रुसून बसला, तर बाईंनी विचारलं, “त्याला हवंय काय?” त्याला फक्त नावाने हाक मारलेली हवी होती. रुसवा गेला. मी पुन्हा पेपर तपासायला घेतले.

त्यांचे यजमान छापखान्यात प्रुफं तपासत. कुठलीही कादंबरी हातात आली की आधी शेवटचं पान वाचायचे, आणि त्यावरून नवराबायकोची आयुष्यभर जुंपली. गेल्या वर्षी ते स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसल्या बसल्या गेले. बाई लवकरच कामावर हजर झाल्या. आम्हाला वाटलं, सावरल्या.

मग एका मधल्या सुट्टीत डबा उघडता उघडता म्हणाल्या, “संध्याकाळी मी कुलूप काढते ना, तेव्हा आत खुर्ची सरकते. मग हे खाकरतात.”

माझा घास हातातच राहिला. “बाई, वरच्या मजल्यावरचं काहीतरी असेल.”

“वरचं घर बंद आहे. आणि ह्यांचं खाकरणं मी ओळखणार नाही होय?”

त्या घाबरलेल्या नव्हत्या. मला त्याचीच जास्त भीती वाटली. कोण, कुठे, कधी, सगळं त्यांनी मांडून ठेवलं होतं. गाडी अडली होती चौथ्या प्रश्नावर. “ज्याला काही नको असतं, तो गोष्टीत येतच नाही. ह्यांना काहीतरी हवंय. ते कळेपर्यंत मी घर सोडणार नाही.”

घर सोडायचा विषय लेकीचा. ती परगावी राहायची आणि आईला घेऊन जायला केव्हाची टपली होती. बाई सबबी सांगत राहिल्या. घरी त्यांनी यजमानांचा चष्मा पुसून टेबलावर ठेवला. अर्धी राहिलेली कादंबरी शेवटच्या पानावर उघडून ठेवली. आवाज थांबेना, आणि बाई वाळत चालल्या.

भूतबित काही नसतं हे दाखवायला मी एकदा त्यांच्याबरोबर घरी गेले. किल्ली फिरली, आणि आत फरशीवर लाकूड ओढलं गेलं. मग कुणीतरी बोलायच्या आधी खाकरावं तसा कोरडा आवाज. स्वयंपाकघरात चिटपाखरू नव्हतं. खुर्ची मात्र टेबलापासून हातभर मागे होती. बाईंनी ती सवयीने आत सरकवली आणि म्हणाल्या, “बस, चहा टाकते.” मी चहा उभ्यानेच प्यायले.

पुढे माझ्या वर्गाचं छत दुरुस्तीला काढलं, म्हणून दोन तुकड्या एकत्र बसल्या. मी मागच्या बाकावर होते. बाईंनी मनाने रचून गोष्ट सांगितली. एक म्हातारा रोज एका घरात येऊन खुर्चीवर बसतो. बोलत नाही. घरातली बाई त्याला हे देते, ते देते. “सांगा, त्याला काय हवंय?”

“जेवायला!” कुणीतरी ओरडलं. वर्ग हसला. एक मुलगी मात्र उभी राहिली.

“बाई, त्याला काहीच नकोय. धडपड तर ती बाई करतेय. मुख्य पात्र तीच आहे.”

बाईंचा खडू थांबला. “मग तिला काय हवंय?”

“त्याने जाऊ नये, असं.”

“आणि आड काय येतंय?”

मुलगी चाचरली. बाईंचे यजमान गेल्याचं सगळ्या शाळेला ठाऊक होतं. “तो मेलाय ना, बाई.”

बाईंनी तिला बसायला सांगितलं आणि तास संपायच्या आधीच बाहेर पडल्या.

दुसऱ्या दिवशी त्या शाळेत आल्या नाहीत. माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. शाळा सुटल्यावर थेट त्यांचं घर गाठलं. दार उघडंच होतं. बाई स्वयंपाकघरात जमिनीवर बसल्या होत्या.

“काल आवाज आला,” त्या म्हणाल्या. “मी खुर्चीसमोर उभी राहिले. म्हटलं, तुम्हाला काही नकोय. मीच तुम्हाला रोज बोलावतेय. निघा आता.”

“आणि आज?”

“दोनदा कुलूप लावून काढून पाहिलं. काही नाही.” मी कान देऊन ऐकलं. नळ गळत होता, तेवढंच.

“सुटलात बाई,” मी म्हणाले. मला खरंच हायसं वाटलं होतं. “आता लेकीकडे जायला मोकळ्या.”

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

“हे गेले तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. डॉक्टर, शेजारी, लेक. सगळे म्हणत होते, गेले, गेले. मला काही ते खरं वाटलं नाही.” त्यांनी पदर तोंडाशी धरला. “काल गेले गं हे. आणि मीच घालवलं.”

मी त्यांच्याजवळ जमिनीवर बसले. त्या दिवशी बाई पहिल्यांदा रडल्या.