एक छत्री, तीन टीव्ही आणि मी

हे माझ्या माहेरी कळलं तर ते माझी बी.एस्सी. परत मागतील, म्हणून फक्त तुम्हाला सांगते. हसायचं असेल तर शेवटी हसा, मध्ये हसलात की माझं धैर्य जातं.

आमच्या गच्चीवर टीव्हीची एकच छत्री, फुकटच्या चॅनेलची. तिची वायर एका डबीत येते आणि तिथून तीन फाटे फुटतात. एक सासूबाईंच्या खोलीत, एक थोरल्या जाऊबाईंच्या, म्हणजे ताईंच्या, आणि एक माझ्या. सासूबाईंचं चित्र बरं. ताईंचं असं, की बातम्या देणारीच्या कानातल्यांचे मोती मोजून घ्यावेत. आणि माझ्याकडे? माणूस बोलायला तोंड उघडायचा आणि त्या तोंडाचे चौकोन चौकोन व्हायचे.

चौकोनांचं दुःख नव्हतं हो. दुःख हे, की माझा चार वर्षांचा वेदू कार्टून पाहायला रोज संध्याकाळी ताटली घेऊन ताईंकडे जायचा. माझ्यापुढे अर्ध्या पोळीला पाऊण तास लावणारं पोरगं तिकडून येऊन सांगायचं, "काकूकडे मी दोन भाकरी खाल्ल्या." मी हसून "वा" म्हणायचे. 

ताईंच्या टीव्हीचा आवाज ऐकून तो पळतो, म्हणून एकदा मी लोखंडी कपाट ओढून मधल्या भिंतीला लावलं. आवाज येतच राहिला, वर माझं चित्र आणखी बिघडलं. मला वाटलं, ताईच जास्त ओढतायत.

आता या ओढण्यामागचं माझं शास्त्र ऐका. आमच्याकडे नळ आठवड्यातून एकदा येतो आणि गल्लीत ज्याने मोटर लावली, सगळं पाणी त्याच्याकडे. सिग्नलचंही तसंच असणार ना? ताईंचा टीव्ही बंद असला तरी त्यांचा सेट-टॉप बॉक्स दिवसभर चालूच. म्हणजे मोटर चालूच.

बुधवारी ताई मलकापूरला बाजाराला गेल्या, सासूबाई देवळात. मी दोन्ही खोल्यांत जाऊन बॉक्सची बटणं भिंतीवरूनच बंद केली. वेदू माझ्या मागे मागे होताच. मग त्याला ऐटीत समोर बसवलं. आता सगळी धार आपल्याकडे.

टीव्ही लावला. काळा पडदा. "सिग्नल नाही."

"चौकोन पण गेले," वेदू म्हणाला.

इथे एखाद्या शहाण्या बाईने गुपचूप बटणं चालू केली असती. मी छत्रीवाल्या भाऊंना फोन करून सांगितलं, कोणीतरी आमची वायर काढली. कोणीतरी म्हणजे कोण, ते माझ्या आवाजात होतंच.

भाऊ आले तोवर ताई आणि सासूबाईही घरी आल्या होत्या. भाऊ गच्चीवर जाऊन आले आणि मग ताईंच्या खोलीतून त्यांचा आवाज आला, "हे बटन कोनं बंद केलं? छत्रीले करंट याच बॉक्समधून जाते. हे बंद तर तिन्ही टीव्ही बंद. तुमाले सांगतलं होतं ना वहिनी?"

"हाव ना, म्हणून तर मी कधीच बंद नाही करत," ताई म्हणाल्या. "वेदूचं कार्टून मधातच गेलं तर तो रडते, या स्वातीले तरास होते. आज कसं बंद झालं?"

"आईनं केलं," वेदू म्हणाला. "आजीचं बी."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "काऊन वं?"

"वीज... वाचवायला," मी म्हणाले.

ताई पिशवीतून वेदूसाठी आणलेले पेरू काढत बसल्या. दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

तेवढ्यात भाऊंनी माझं कपाट हलवलं. कपाटाच्या पायाखाली माझीच वायर पार चपटी झालेली.

"आन् हे कपाट इथं कोनं सरकवलं?"

या वेळी वेदूला सांगावं लागलं नाही. सगळे माझ्याकडेच पाहत होते.

नवी वायर पडली. मोतीच काय, आता बातम्यावालीच्या साडीचे टाके मोजून घ्या. संध्याकाळी मी ताट वाढून वेदूला समोर बसवलं. लांब बस. चावून खा. डोळे चोळू नको. घासामध्ये पाणी पिऊ नको. पाठ सरळ. पाच मिनिटांत तो ताटली उचलून उठला.

"कुठे रे? आता तर आपलं चित्र काकूपेक्षा चांगलं आहे."

"हो," तो दारातून म्हणाला. "पण काकूकडे फक्त टीव्ही बोलतो."