सात गावांचा कप

लियाकतभाईंकडे कुणी नुसतं पाणी मागितलं, तर ते आधी पाणी पिण्याची स्पर्धा लावतील आणि मग पेला देतील, असं त्यांची बायको मैमुनाबी म्हणायची. तोंडावर म्हणायची. तीस वर्षं या माणसाबरोबर शारजात काढल्यावर भीडभाड कुठली उरणार?

तिथल्या औद्योगिक भागात लियाकतभाईंचं जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान. माल आफ्रिकेत जायचा. टांझानियातल्या एका खेड्यातला जोसेफ हे त्यांचं जुनं गिऱ्हाईक. त्याची आई आयुष्यभर आसपासच्या सात गावांना चर्चमधलं गाणं शिकवत फिरली होती. आता ती अंथरुणाला खिळली होती. सातही गावांनी एकदा एकत्र उभं राहून गाणं म्हणावं आणि आपण ते ऐकावं, एवढीच तिची शेवटची इच्छा. जोसेफने मदत मागितली ती मांडव, जेवण आणि ट्रक एवढ्याची.

"महोत्सव करू, हबीबी! सगळं माझ्यावर सोड," लियाकतभाई फोनवर म्हणाले, आणि मैमुनाबीला गावचा कप आठवला.

नऊ वर्षांपूर्वी रत्नागिरीकडच्या आपल्या गावात याच माणसाने क्रिकेटचा कप ठेवला होता. वरचा मोहल्ला विरुद्ध यांचा खालचा मोहल्ला. एका रनआऊटवरून डोकी फुटली. तेव्हापासून वरच्या मोहल्ल्यात दिलेली मैमुनाबीची सख्खी बहीण रशीदा तिच्याशी बोलली नव्हती. आणि या शहाण्याला अजून वाटायचं, गावात आपलं नाव झालं. झालं होतंच; लोक ते कुठल्या शब्दांत घेतात, एवढंच त्याला ठाऊक नव्हतं.

"अहो, त्या बाईला सगळे एकत्र हवेत. कप कशाला?"

"कपाशिवाय माणूस घराबाहेर पडत नाही, मैमुना. चारशे दिरहमचा घेतलाय. जवळजवळ दहा हजार रुपये! मोटिवेशन लगता है।"

"गाण्याला?"

"कशालाही. खलास, तू किचन बघ."

कपावर सर्वांत मोठ्या अक्षरांत त्यांचंच नाव होतं. आधी बाद फेरी, मग सेमीफायनल, फायनल, बक्षीस समारंभ आणि सगळ्यात शेवटी सातही गावांचं एकत्र गाणं, असा कार्यक्रम त्यांनी ठरवून टाकला. जोसेफने चाचरत विचारलं, एकत्र गाणं आधी घेतलं तर? "शेवटीच मजा," हे म्हणाले. ट्रक यांचे, जेवण यांचं. तो बिचारा काय बोलणार?

महोत्सवाच्या शनिवारी लियाकतभाई घरातल्या सोफ्यावर कोट घालून बसले. टीव्हीवर जोसेफचा व्हिडिओ कॉल. पहिल्या फेरीत हरलेली गावं पंचाला शिव्या देत आपापल्या ट्रकमध्ये जाऊन बसली आणि निघून गेली. सेमीफायनलनंतर आणखी दोन गेली. फायनल हरलेलं गाव तर जेवलंही नाही.

शेवटी जोसेफने फोन फिरवला. रिकामा मांडव, खाटेवर म्हातारी आणि तिच्यासमोर कप घेतलेलं एकच गाव. एकत्र गाण्यातली प्रत्येक गावाची ओळ तिने वेगळी शिकवली होती. या गावाने आपली ओळ म्हटली आणि ते थांबलं. म्हातारीने हात उचलून शेजारच्या गावाला खूण केली. तिथे नुसत्या खुर्च्या होत्या. हात तसाच वर राहिला.

"आवाज बंद झाला. नेटवर्क गेलं वाटतं," म्हणत लियाकतभाईंनी रिमोट तळहातावर आपटला.

"नेटवर्क नाही गेलं. गावं गेली."

त्यांनी रिमोट खाली ठेवला. मग त्यांचा चेहरा उजळला. "नेक्स्ट इयर इन्शाल्ला दुसरं बक्षीसही ठेवू. म्हणजे कुणी नाराज नाही."

मैमुनाबीला त्यांची किळस आली. उठून ती आतल्या खोलीत गेली आणि तिथे तिला स्वतःचीही लाज वाटली. त्या मरणाच्या दारातल्या म्हातारीने निदान हात तरी वर केला. आपण नऊ वर्षं नवऱ्याला नावं ठेवत बसलो आणि रशीदाने आधी यावं म्हणून वाट पाहिली.

नंबर तिला पाठ होता. तिने तो लावला.