शेजारच्या सीटवरचा धक्का

हावड्याच्या त्या मेकॅनिकने पान्याला हातही लावला नाही. माझ्या मुलाच्या पिकअप गाडीला लॅपटॉप जोडला आणि मलाच विचारलं, “माशीमा, म्हणजे मावशी, कुठे दुखतं?”

ऑटोमॅटिक गिअर बदलताना बसणाऱ्या धक्क्याने माझी कंबर ठणकायची.

मुलगा म्हणाला, “आईला सवय नाही. पिकअपचा जोर कमी करू नका.”

“चालवणारा स्टिअरिंग धरून असतो, दादा. धक्का शेजारच्याला बसतो.” एवढं बोलून त्याने मुलाला माझ्या जागी बसवलं आणि स्वतः एक फेरी मारली.

परतल्यावर मुलगा कंबर चोळत उतरला. “जोर राहू दे,” म्हणाला, “गिअर हळू बदलू द्या.”

मेकॅनिकने होकारार्थी मान तिरकी करून लॅपटॉपवरून गाडीत तसं सेटिंग बसवलं.

तीन महिने मी घसा फोडून हेच सांगत होते. नवऱ्याच्या हयातीत मला असा मेकॅनिक भेटला नाही.